आधी मोजा, मग खोला: जुन्या माउंटन बाइकचं मागचं सस्पेन्शन आणि दोष शोधायची पद्धत

समजा, माजिवड्यातल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन-तीन पावसाळे उभी असलेली माउंटन बाइक तुम्ही विकत घेतली. दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर चालवून बघितली, तर खड्डा आला की सीटखाली ‘टक्’ असा आवाज येतो. उपवनवरून येऊरचा चढ चढताना मागून कुरकुर ऐकू येते. उतरताना मागचं चाक थोडं डोलल्यासारखं वाटतं. एक जण सांगतो, ‘शॉक गेलाय, बदलून टाक.’ दुसरा म्हणतो, ‘बेअरिंग बघ.’ तिसऱ्याच्या मते नुसतं ऑइल टाकलं की भागेल.

तिघांपैकी कुणाचंही बरोबर असू शकतं. प्रश्न असा, की ते ठरवायचं कसं?

पीएचडीला नाव नोंदवण्याआधी हा प्रश्न स्वतःच्या हातांनी एकदा सोडवून बघा. प्रयोगशाळेत एखाद्या उपकरणाने विचित्र वाचन दिलं, की तिथेही हेच होतं: लक्षण एक, संभाव्य कारणं पाच आणि सल्ला देणारे सात. सायकलची सोय अशी, की तिचे सगळे भाग डोळ्यांना दिसतात आणि प्रत्येक अंदाज एका दुपारीत तपासता येतो.

यंत्रणा आधी समजून घेऊ

मागचं चाक ज्या त्रिकोणी सांगाड्यात बसतं, तो सांगाडा मुख्य फ्रेमला एक किंवा जास्त सांध्यांनी जोडलेला असतो. या सांध्यांना पिव्हट म्हणतात. त्यांच्या आत बेअरिंग किंवा बुश असतात. चाक वर उचललं गेलं की सांगाडा फिरतो आणि शॉक दाबला जातो.

शॉकची कामं दोन. स्प्रिंग धक्का साठवते आणि डॅम्पर त्या साठवलेल्या ऊर्जेची तेलाच्या घर्षणातून उष्णता करून टाकतो. महागड्या शॉकमध्ये अनेकदा स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा असते. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या स्वस्त, लोखंडी फ्रेमच्या ‘डबल सस्पेन्शन’ सायकलींत मात्र बहुतेक वेळा नुसती गुंडाळीची स्प्रिंग असते, डॅम्पर नसतोच. अशी सायकल खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळली, तर तो बिघाड नाही, ती तिची रचना आहे. म्हणून पहिला प्रश्न ‘काय बिघडलंय?’ हा नाही. ‘चांगल्या स्थितीत ही कशी वागली असती?’ हा आहे. त्याच मॉडेलची दुसरी सायकल ओळखीत कुणाकडे असेल, तर तुमचा कंट्रोल तयारच आहे.

आणखी एक आकडा लागेल. मागचं चाक 130 मिमी वर जाताना शॉक 50 मिमी दबत असेल, तर सरासरी गुणोत्तर 2.6. याचा अर्थ, चाकावरचं बल शॉकपर्यंत पोचताना 2.6 पट होतं. उलट बाजूने, शॉकच्या टोकाला अर्धा मिमी खेळ असेल, तर चाकाजवळ तो 1.3 मिमी होतो. सीटवर बसलेल्या माणसाला एवढा खेळ स्पष्ट जाणवतो. म्हणजे आवाज मोठा आहे म्हणून दोषही मोठा असेल, असं नाही.

खोलणं हासुद्धा एक प्रयोगच

बहुतेक जण इथे थेट पाना हातात घेतात. शॉक काढायचा, पुसायचा, ग्रीस लावायचं, परत बसवायचं. आवाज गेला की ‘शॉकमध्येच होतं’ असं जाहीर करायचं.

पण नीट बघा काय काय झालं. शॉक काढताना-बसवताना बोल्ट सैल होऊन पुन्हा आवळले गेले. सांध्यांतली माती झडली. ग्रीस नवं आलं. बुश किंचित फिरून दुसऱ्या जागी बसला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि लक्षण गेलं. चारांपैकी कारण कोणतं होतं, हे आता कधीच कळणार नाही, कारण मूळ स्थिती पुसली गेली. पंधरा दिवसांनी आवाज परत आला, तर तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

गंज काढायच्या स्प्रेचंही तसंच. पिव्हटवर फवारला की कुरकुर थांबते, पण आतलं ग्रीसही पातळ होऊन निघून जातं. पुरावा गेला आणि बेअरिंगचं नुकसान वर.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी बघणं, मग हात लावून बघणं, मग मोजणं आणि शेवटी खोलणं. ज्या चाचणीने स्थिती बदलत नाही, ती आधी.

खेळ नेमका कुठे आहे?

चाक डोलतंय, एवढ्याने काहीच कळत नाही. हबचं बेअरिंग, ऍक्सल, पिव्हट, शॉकचे बुश – चौघांचंही लक्षण तेच. यांना एकमेकांपासून वेगळं करणारी चाचणी हवी.

सायकल उभी धरा. एका हाताने फ्रेम पकडा, दुसऱ्याने मागच्या चाकाची रिम बाजूला ढकला. नजर मात्र रिम आणि शेजारच्या नळीमधल्या फटीवर ठेवा. फट कमी-जास्त होत असेल, तर खेळ हबमध्ये किंवा ऍक्सलमध्ये. फट तशीच राहून चाक आणि सांगाडा दोन्ही एकत्र हलत असतील, तर खेळ पिव्हटमध्ये.

आता दुसरी चाचणी. मित्राला सीट धरून सायकल अगदी हळू, चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचलायला सांगा. तुम्ही बोटं शॉकच्या वरच्या टोकाच्या जोडावर ठेवा, मग खालच्या. चाक उचललं जाण्याआधी एखाद्या जोडावर छोटासा ‘टक्’ बोटांना लागला, तर तिथला बुश झिजलाय. बुश हा छोटा भाग असतो आणि तो वेगळा बदलता येतो. ‘शॉक गेलाय’ या निदानात आणि ‘बुश गेलाय’ या निदानात खिशाला मोठा फरक पडतो.

या दोन्ही चाचण्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक कारणासाठी उत्तर वेगळं येतं. ज्या चाचणीत सगळ्या कारणांसाठी एकच उत्तर येणार, ती करून उपयोग नाही. ‘चालवून बघतो, आवाज येतो का’ ही तशी चाचणी. आवाज येणारच.

कुरकुर: उगम शोधायचा

धातूच्या नळ्यांतून आवाज सहज पसरतो, त्यामुळे कान फसतात. इथे एकेक भाग वगळत जा.

सायकलवर न बसता, पेडल न फिरवता, सीट खाली दाबा. आवाज आला? मग चेन, क्रँक आणि पेडल यांच्यावरचा संशय कमी झाला. आता सीट सोडून फ्रेमची वरची नळी धरून तितकंच दाबा. आवाज गायब झाला, तर तो सीटचा किंवा सीटच्या दांड्याचा होता, सस्पेन्शनचा नाहीच. दोन्ही वेळा आला, तर पिव्हट आणि शॉककडे वळा.

दाबून आवाज अजिबात येत नसेल आणि पेडल मारतानाच येत असेल, तर संशयित बदलले: पेडल, क्रँक, त्याचं बेअरिंग. कोरड्या जमिनीवर आणि पावसानंतर वेगवेगळं बघा. दोन चाचण्यांच्या मध्ये पाऊस पडला असेल, तर तुम्ही दोन वेगळ्या सायकली तपासताय असंच समजा.

आणि हो, चाचणीसाठी येऊरचा रस्ता नको. तिथे दर वेळी वेग वेगळा, खड्डे वेगळे. सोसायटीच्या गेटवरचा एकच स्पीडब्रेकर, एकच गिअर, पाठीवर तीच बॅग आणि टायरमध्ये तेवढीच हवा, असं ठरवून घ्या.

सॅग: उत्तर काय यावं, हे आधी लिहा

तुम्ही सीटवर शांत बसल्यावर शॉक जेवढा दबतो, त्याला सॅग म्हणतात. शॉकच्या दांड्यावर रबरी रिंग असेल तर ती सीलपर्यंत सरकवा, नसेल तर सैल दोरा बांधा. भिंतीचा आधार घेऊन बसा, न उसळता उतरा, रिंग किती सरकली ते मोजा. ट्रेल बाइकला शॉकच्या एकूण चालीच्या 25 ते 30 टक्के सॅग साधारण ठीक मानतात.

पण एकदाच मोजून थांबू नका. पाच वेळा मोजा. समजा 12, 13, 12, 14, 12 मिमी आले. सरासरी 12.6, म्हणजे 50 मिमीच्या चालीत सुमारे 25 टक्के. पण वाचनं 2 मिमीच्या पट्ट्यात फिरताहेत. उद्या काही बदल करून एकदाच मोजलं आणि 13 आलं, तर ‘फरक पडला’ असं म्हणायचा हक्क तुम्हाला नाही.

आता गुंडाळीच्या स्प्रिंगचं उदाहरण घेऊ. स्प्रिंगवर 750 लिहिलंय. याचा अर्थ इंचाला 750 पौंड, म्हणजे मिमीला साधारण 13.4 किलो. तुम्ही बसल्यावर मागच्या चाकावर 45 किलो भार येतो असं धरा. गुणोत्तर 2.6, म्हणून शॉकवर 117 किलो. 117 भागिले 13.4, म्हणजे सुमारे 8.7 मिमी. हे वहीत लिहा आणि मगच मोजा.

मोजल्यावर 9 आलं, तर शॉक जाम वगैरे काही नाही, स्प्रिंगच तुमच्या वजनाला कडक आहे. 3 आलं तर? लगेच ‘गंजून अडकलाय’ म्हणू नका. स्प्रिंगच्या टोकाला फिरणारी चकती असते. ती आवळून स्प्रिंग आधीच 5 मिमी दाबलेली असेल, तर 8.7 मधून 5 गेले, 3.7 उरले. म्हणजे तेच वाचन निरोगी शॉकही देईल. चकती सैल करा, स्प्रिंग नुसती टेकेल इतपत, आणि परत मोजा. चकती फिरवल्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त तिची सुरुवात पुढे सरकते. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

हवा कमी होतेय की मोजताना जातेय?

हवेच्या शॉकमध्ये रोज पंप लावून प्रेशर बघणारे बरेच असतात. काल 200 भरलं, आज 180 दाखवतंय, म्हणजे लीक. खरंच?

शॉकमधली हवेची जागा अगदी लहान असते. पंप जोडला की आतली थोडी हवा पंपाच्या नळीत शिरते आणि आकडा उतरतो. मोजण्याच्या क्रियेनेच मोजायची गोष्ट बदलली. त्यात तापमानाची भर. दुपारी 34 अंशाला 200 पीएसआय भरलेली हवा पहाटे 20 अंशाला, काहीही लीक नसताना, साधारण 190 वर येते. हे गणित करताना वातावरणाचा दाब मिळवायचा आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, एवढं लक्षात ठेवा.

मग लीक ओळखायचं कसं? पंप न लावता. एकदा हवा भरा, दोन-तीनदा हळू दाबून सोडा, सॅग मोजा. तीन दिवसांनी त्याच वेळेला पुन्हा सॅग मोजा. तो पाच वाचनांच्या पट्ट्याबाहेर गेला, तरच लीकचा संशय. मग व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून बुडबुडे येतात का बघा.

डॅम्परसाठी रिबाउंडचा स्क्रू पूर्ण सैल करून शॉक दाबा-सोडा, मग पूर्ण आवळून. परतण्याच्या वेगात काहीच फरक नसेल, तर डॅम्पर काम करत नाहीये. दांड्यावर तेलाचा पुसट थर असणं ठीक. तेलाचा ओघळ किंवा दाबताना ‘फच् फच्’ आवाज आला, तर सर्व्हिसची वेळ झाली.

शेवटी खोलणं. शॉकमधली हवा सोडून तो काढा आणि मागचा सांगाडा हाताने पूर्ण वर-खाली फिरवा. तो कुठेही न अडता फिरला आणि बाजूला ढकलून खेळही जाणवला नाही, तर पिव्हटवरचा संशय कमी झाला आणि उरलेला शॉकवर. मध्येच खरखरला, तर बेअरिंगमध्ये पाणी किंवा माती गेली असण्याची शक्यता आहे.

कुठे थांबायचं?

दोन ठिकाणी तपास लगेच बंद करा. पहिलं, पिव्हटजवळ किंवा वेल्डिंगपाशी केसासारखी रेघ दिसली आणि ती नखाला लागली. ती सायकल उतारावर न्यायची नाही, ‘एकदाच बघू’ म्हणूनसुद्धा नाही.

दुसरं, हवेचा शॉक दबलेल्या स्थितीत अडकला आणि व्हॉल्व्हमधून हवा सोडूनही परत लांब होत नाही. अशा वेळी हवा सील ओलांडून दुसऱ्या कप्प्यात कोंडलेली असू शकते, आणि तो कप्पा व्हॉल्व्हने रिकामा होत नाही. तो शॉक उघडताना सुटा भाग गोळीसारखा उडून चेहऱ्यावर येऊ शकतो. हे काम त्या शॉकचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं.

दुकानात सायकल देताना ‘मागून आवाज येतो’ एवढंच सांगू नका. वहीचं पान द्या: तारीख, पाऊस होता की नव्हता, कोणती चाचणी, काय अपेक्षित होतं, काय आलं, त्यावरून कोणतं कारण बाद झालं. शेवटच्या ओळीत अजून कोणती कारणं उरली आहेत तेही लिहा, दोन उरली असतील तर दोन्ही. मेकॅनिकचा अर्धा तास वाचेल, आणि नको असलेला नवा शॉक घ्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही.