मदतनिसाने कोणाचं ऐकायचं?

मानेच्या मणक्याला इजा होऊन हातापायांतली ताकद गेलेल्या माणसाचा दिवस मदतनिसाशिवाय सुरूच होत नाही. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, आंघोळ, कपडे, जेवण भरवणं हे तर झालंच. शिवाय एकाच अंगावर पडून राहिल्याने जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीही ठरावीक वेळाने कूस बदलून द्यावी लागते. आपल्या शहरांत या कामाला ब्यूरोतून मावशी किंवा मामा येतात, बारा तासांच्या नाहीतर चोवीस तासांच्या ड्युटीवर. पैसे बहुधा भाऊ, मुलगा किंवा आईवडील देतात, त्यामुळे सूचनाही त्यांच्याच चालतात. कधी उठवायचं, बाहेर न्यायचं की नाही, हे घरातल्या सगळ्यांना विचारलं जातं. ज्याचं शरीर आहे त्याला मात्र नाही. म्हणूनच मदतनीस किती तास मिळतो याइतकाच तो कोणाचं ऐकतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

अपंगांच्या चळवळीने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. पोलिओमुळे रात्री लोखंडी फुफ्फुसाच्या यंत्रात झोपावं लागणारे एड रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी यांनी 1972 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे स्वतंत्र जीवनाचं केंद्र उभारलं. अमेरिकेत शिकून स्वीडनमध्ये स्थायिक झालेले अॅडॉल्फ रात्झ्का यांनी, आपल्या मदतीची सूत्रं ज्याची त्याच्याच हाती असावीत हा चळवळीचा विचार तिथे रुजवला. स्टॉकहोममधल्या अपंगांनी आपली सहकारी संस्था काढली आणि मदतनीस निवडणं, त्यांना काम शिकवणं सभासदांनी स्वतःकडे घेतलं. पुढे 1994 पासून स्वीडनमध्ये कायद्याने मदतनिसाचा हक्क मिळाला. मूलभूत गरजांसाठी आठवड्याला 20 तासांहून अधिक मदत लागत असेल तर खर्चाचा भार मुख्यतः सरकार उचलतं. ती व्यक्ती स्वतः मदतनीस नेमू शकते किंवा सहकारी संस्था, कंपनी, नगरपालिका यांपैकी कोणाकडून तो घ्यायचा हे ठरवू शकते.

आपल्याकडे पहिला आक्षेप येतो तो कुटुंबाचा: घरची माणसं असताना परक्याला पगार कशाला? पण घरची माणसं म्हणजे बहुतेक वेळा आई, बायको किंवा बहीण. आईचं वय वाढतं, बायकोची नोकरी सुटते. शिवाय पाणी मागतानाही ज्याला रोज उपकाराचं ओझं वाटतं, तो मतभेद बोलून दाखवायलाही कचरतो. पगारी मदतनीस आला की नात्यातली माया जात नाही, त्या मायेवरचा कामाचा बोजा कमी होतो. दुसरा आक्षेप सुरक्षेचा: शिकलेली नर्स नको का? जिथे वैद्यकीय कौशल्य लागतं तिथे ते हवंच. मात्र रोजच्या कामांत आपल्या शरीराची खूण ज्याची त्यालाच सर्वांत नीट ठाऊक असते; खांद्याला कुठे धरलं तर दुखतं, हे तोच सांगू शकतो. तिसरा आक्षेप उलट बाजूचा आणि अधिक वजनदार आहे: अशाने मदतनीस म्हणजे हुकमाचा गडी होणार नाही का? लेखी करार, ठरलेले तास, साप्ताहिक सुट्टी, बदली माणसाची सोय हे नसेल तर नक्कीच होईल. सूचना देण्याच्या हक्कासोबत मालकाची जबाबदारीही यायला हवी.

राहतो खर्च. स्वीडनमध्येही तो वाढत गेला, गैरव्यवहार उघडकीला आले, निकष कडक झाले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मदत न देण्याचाही खर्च असतो, फक्त तो सरकारी हिशेबात न येता घराघरांत विखुरतो. भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांविषयीच्या करारात व्यक्तिगत मदतनिसाचा स्पष्ट उल्लेख आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. परंतु त्याची रक्कम आणि व्याप्ती सरकारच्या आर्थिक कुवतीवर सोडली आहे. महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी 2022 पासून स्वतंत्र विभाग आहे. त्याने एखाद्या शहरात मोजक्या लोकांपासून सुरुवात करावी: गरजेचे तास मोजावेत, मदतनिसाच्या पगाराचे पैसे थेट दिव्यांग व्यक्तीच्या खात्यात द्यावेत, हिशेब मागावा आणि मदतनिसाला किमान वेतनाची हमी द्यावी. एवढं केलं तर कायद्यातला हक्क कागदावरून रोजच्या दिनक्रमात उतरेल.