बारमाही खोकल्याला नाव मिळाले तेव्हा

आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. ती वर्गात आली आहे हे हजेरी घेण्याआधीच कळायचे, कारण तिचा खोकला ऐकू यायचा. खोकला कोरडा नव्हता. छातीत काहीतरी भरून राहिल्यासारखा ओला, घरघरता होता. जून असो की मे, तो थांबत नसे. नाक कायम चोंदलेले. कान वाहायचे, म्हणून मागच्या बाकावरून नीट ऐकू येत नसे आणि शुद्धलेखनात शब्द चुकायचे. "लक्ष कुठे असते तुझे?" असे मी तिला दोन-तीनदा रागावलेही आहे. आज त्याची लाज वाटते.

पालकसभेला तिची अम्मी आली. मी खोकल्याचा विषय काढला तेव्हा म्हणाली, "टीचर, जन्मापासून असाच आहे. आता आम्हाला सवय झालीय." दम्याचा पंप देऊन झाला होता. थुंकीत जंतू कधी सापडले नाहीत, तरी टीबीची औषधे सहा महिने देऊन झाली होती. काढे, मध, दम केलेले पाणी, सगळे झाले होते. मग ती आवाज खाली करून म्हणाली, "सासूबाई म्हणतात, मी बाळंतपणात पथ्य पाळले नाही, थंड खाल्ले, म्हणून पोरीची छाती अशी झाली." दहा वर्षे ती हे ऐकत होती.

उलटा वाटलेला एक्स-रे

पुढे एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात तिचा छातीचा एक्स-रे काढला. तंत्रज्ञाला वाटले, फिल्म उलटी लागली. त्याने पुन्हा काढला. दुसऱ्यातही हृदय उजवीकडेच दिसले.

डॉक्टरीणबाईंनी तीन प्रश्न विचारले. मूल पूर्ण दिवसांचे होते का? जन्मल्यावर श्वासाचा त्रास झाला होता का? आणि आईवडील एकमेकांचे नात्यातले आहेत का? मूल पूर्ण दिवसांचे होते, तरी पहिले चार दिवस काचेच्या पेटीत ऑक्सिजनवर होते. आणि आईवडील खालाजाद भाऊबहीण, म्हणजे मुलीची दादी आणि नानी या सख्ख्या बहिणी.

डॉक्टरीणबाईंनी संशय व्यक्त केला तो प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया या आजाराचा. लांबलचक नाव आहे, म्हणून सगळे त्याला पीसीडी म्हणतात.

भातशेतातून वारा जावा तसे

मी भाषेची शिक्षिका, मराठी आणि उर्दू शिकवणारी. पण तिच्या अम्मीने रिपोर्ट समजावून द्यायला मलाच सोबत नेले, म्हणून मला हे सारे समजून घ्यावे लागले. ते जसे समजले तसे सांगते.

शाळेत पॅरामेशियमची आकृती आपण सर्वांनी काढली आहे. त्याच्या कडेला बारीक केसांची झालर असते, त्या पक्ष्माभिका. इंग्रजीत सिलिया. अशीच झालर आपल्या नाकात, सायनसमध्ये, मधल्या कानात आणि श्वासनलिकांमध्ये आतून असते. तिथल्या एकेका पेशीवर सुमारे 200 सिलिया असतात. भातशेतातून वारा गेला की जशी लाट उठते, तशा त्या सेकंदाला 10 ते 15 वेळा एका लयीत हलतात आणि धूळ, जंतू, चिकट कफ घशाकडे ढकलत राहतात. घराला रोज झाडू लागतो, तसा हा फुफ्फुसांचा झाडू.

पीसीडीमध्ये हा झाडू जन्मापासून हलत नाही, किंवा वेडावाकडा हलतो. कफ साचतो, त्यात जंतू वाढतात. खोकणे हा कफ काढण्याचा एकच मार्ग उरतो. पुन्हा पुन्हा संसर्ग होऊन श्वासनलिका हळूहळू रुंद आणि सैल होतात. ही हानी भरून येत नाही.

मग हृदय उजवीकडे का? गर्भ अगदी लहान असताना त्यातल्या काही सिलिया फिरून द्रवाचा प्रवाह डावीकडे नेतात, आणि त्यावरून शरीराला डावे-उजवे कळते. सिलिया हलल्याच नाहीत तर हृदय कुठल्या बाजूला जाईल हे नशिबावर राहते. म्हणून पीसीडीच्या सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये अवयवांची जागा बदललेली असते, आणि निम्म्यांमध्ये हृदय डावीकडेच असते. हृदय जागेवर आहे म्हणून हा आजार नाही, असे म्हणता येत नाही. सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलटे असतील तर त्याचा सहसा त्रास होत नाही. पण मांडणी अर्धवट बदललेली असेल तर हृदयात दोष असू शकतो, म्हणून डॉक्टर एको करून घेतात.

झुरिकचे डॉक्टर मानेस कार्टाजेनर यांनी 1933 साली अशा रुग्णांचे वर्णन केले होते. कारण मात्र 1970 च्या दशकात कळले. स्टॉकहोमचे ब्यॉर्न आफझेलियस यांना काही पुरुषांच्या न हलणाऱ्या शुक्रजंतूंच्या शेपटीत ती हलवणारे सूक्ष्म भागच दिसले नाहीत, आणि सिलियांची रचना तशीच असते. म्हणूनच मोठेपणी पीसीडीच्या अनेक पुरुषांना आणि काही स्त्रियांना अपत्यासाठी उपचार लागतात.

निदान कसे होते?

एकाच चाचणीने पीसीडी ठरत नाही. नाकातल्या नायट्रिक ऑक्साइड वायूचे प्रमाण मोजतात. या आजारात ते फार कमी असते. पण लहान मुलाला ही चाचणी जमत नाही, त्यासाठी साधारण पाच वर्षांचे वय लागते, आणि यंत्रे मोजक्याच ठिकाणी आहेत. नाकातून मऊ ब्रशने पेशी घेऊन सिलिया कशा हलतात हे सूक्ष्मदर्शकाखाली वेगवान कॅमेऱ्याने पाहतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांची रचनाही पाहतात, पण सुमारे 30 टक्के रुग्णांमध्ये ती ठीकच दिसते.

आता यात जनुकीय चाचणीची मोठी मदत झाली आहे. थोडेसे रक्त घेतात. त्यातल्या डीएनएमधून या आजाराशी संबंध असलेली जनुके एकाच वेळी वाचली जातात. पीसीडीचे पहिले जनुक 1999 मध्ये सापडले. आज 50 हून अधिक माहीत आहेत. रक्त कुठूनही पाठवता येते, म्हणून लहान गावातल्या मुलालाही हा रस्ता खुला आहे. रिपोर्टला काही आठवडे लागतात.

रिपोर्ट तीन प्रकारचा येऊ शकतो. पहिला, दोष सापडला. दुसरा, काही सापडले नाही. दहांपैकी सात-आठ रुग्णांमध्येच जनुक सापडते. बाकीच्यांचे अजून शोधायचे आहे. त्यामुळे काही सापडले नाही म्हणून आजार नाही, असे समजू नये. तिसरा, बदल दिसला पण तो दोषी आहे की निरुपद्रवी हे ठरत नाही. तेव्हा आईवडिलांचेही रक्त तपासून अर्थ लावतात. म्हणून रिपोर्ट मोबाइलवर शोधत बसू नये, जनुकीय आजारांच्या तज्ज्ञाकडूनच समजून घ्यावा. खर्च हजारांच्या घरात जातो. मुंबईचे केईएम रुग्णालय केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणातले एक केंद्र आहे. खासगी प्रयोगशाळेत पैसे भरण्याआधी अशा सरकारी ठिकाणी चौकशी करावी.

"म्हणजे आमच्या मायक्यातून?"

आमच्या मुलीचा रिपोर्ट आला. 'डीएनएएच5' या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये एकच दोष होता.

घरी दादीला समजावण्याचे काम माझ्यावर आले. मी उर्दूतच सांगितले. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक अम्मीकडून, एक अब्बांकडून. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम चालवते. असा माणूस निरोगी असतो, त्याला फक्त वाहक म्हणतात. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच आजार होतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. दर वेळी तोच हिशेब.

दादी ऐकत होत्या. मी म्हटले, "आपा, दुल्हनने काय खाल्ले, काय नाही, याचा याच्याशी काही संबंध नाही. तिच्याकडून एक प्रत आली आणि तुमच्या मुलाकडूनही एक आली. दोघांची एकच आहे, म्हणजे बहुधा एकाच घरातून." त्यांनी बराच वेळ पदराशी चाळा केला. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या मायक्यातून?" मी म्हटले, "कोणाचा दोष नाही. तुमच्या अम्मी-अब्बांना तरी कुठे माहीत होते?" सूनबाई दाराशी उभी होती. दादींनी तिला जवळ बसवून घेतले. बोलल्या काहीच नाहीत.

नात्यातला निकाह

हा विषय आपल्या घरांत नाजूक आहे, म्हणून नीट मांडते. नात्यात निकाह शरीअतने जायज ठेवला आहे, फर्ज केलेला नाही. आणि ही रीत केवळ आपली नाही. मामाची मुलगी करण्याची प्रथा महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आहे. पीसीडी नात्याबाहेरच्या जोडप्यांच्या मुलांनाही होतो.

पण हिशेब टाळता येत नाही. सख्ख्या चुलत-मामे-मावस भावंडांची सरासरी एक-अष्टमांश जनुके सारखी असतात. एकाच घरातला दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाची बरीच कुटुंबे आहेत आणि नात्यात निकाह पुष्कळ होतात. तिथल्या आशियाई समाजात पीसीडीचे प्रमाण 2,265 मध्ये एक असे आढळले. एरवी ते 10 हजारांत एक किंवा त्याहून कमी धरले जात असे. त्याच शहरात 11 हजारांहून अधिक बालकांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मजात दोषांची शक्यता सख्ख्या भावंडांच्या मुलांच्या निकाहात सुमारे तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर जाते, असे त्यात दिसले. म्हणजे शक्यता दुप्पट होते हे खरे, आणि शंभरातली 94 मुले अशा दोषाविना जन्मतात हेही खरे. सौदी अरेबियात थॅलसेमिया आणि सिकलसेलसाठी निकाहाआधी रक्ततपासणी 2004 पासून सक्तीची आहे. निकाह करायचा की नाही, हे मात्र जोडप्यावरच सोडले आहे.

ज्या घरात दोष नेमका कळला आहे, तिथे बाकीच्यांची तपासणी सोपी होते. सगळी जनुके वाचावी लागत नाहीत, फक्त तीच एक जागा पाहतात. त्या घरात दादींच्या आणखी एका नातीचा रिश्ता खालाच्या घरातच ठरत होता. "लोकांना कळले तर मुलींना स्थळे येणार नाहीत," असे कोणी म्हणाले. दादीच म्हणाल्या, "लपवून काय मिळाले? पोर दहा वर्षे खोकली." मुलगा आणि मुलगी दोघांचे रक्त आधी तपासायला पाठवले. पुढचा निर्णय त्या घराचा.

आपण काय करावे?

पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मताच विनाकारण श्वासाचा त्रास. सहा महिन्यांच्या आत सुरू झालेला, बारा महिने चालणारा ओला खोकला. तेव्हापासूनच चोंदलेले नाक. आणि जागा बदललेले हृदय किंवा इतर अवयव. यांपैकी दोन किंवा अधिक खुणा असतील तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "पीसीडी असू शकेल का?" कान वारंवार वाहत असतील तर तेही सांगा. टीबी आपल्याकडे खूप आहे, त्यामुळे त्याचा संशय आधी येणे चुकीचे नाही. चालू असलेली टीबीची औषधे आपल्या मनाने कधीही बंद करू नका.

पीसीडी मुळापासून बरा करणारे औषध आज नाही, पण फुफ्फुसे पुष्कळ सांभाळता येतात. रोज छातीची फिजिओथेरपी, धावणे-खेळणे, संसर्ग झाला की वेळेवर प्रतिजैविके, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, कानांची नियमित तपासणी. घरात विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर नको. खोकला दाबणारे सिरप तर नकोच. या मुलांचा खोकला हाच त्यांचा झाडू आहे.

आमची मुलगी आता पहिल्या बाकावर बसते. सकाळी शाळेआधी अम्मी तिच्याकडून कफ काढण्याचे व्यायाम करून घेते. दादी कधी शेजारी बसून मोजतात. खोकला अजून आहे. पण आता त्याला नाव आहे, आणि घरात कोणी कोणाला दोष देत नाही.