ओट्यावरची मते

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी "विषय तुमच्या आवडीचा" असे सांगितले आणि मी पेचात पडलो. छत्तीस वर्षे वाडीत जनरल प्रॅक्टिस केलेल्या माणसाला आवडीचा विषय असा नसतोच. दारात येईल तो त्याचा विषय. तेव्हा ज्या गोष्टींत मला कुठलीही पदवी नाही, परंतु ज्यांवर मी रोज संध्याकाळी ठामपणे बोलतो, त्यांविषयीच लिहावे असे ठरवले.

आमच्या वाड्याच्या ओट्यावर दिवेलागणीनंतर चार-पाच जण जमतात. एक नेत्रतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ, शेजारचे निवृत्त इंजिनिअर काका, कधीमधी माझी सौभाग्यवती (ती फक्त चूक काढायला येते), आणि मी. चहा येतो, क्वचित कोपऱ्यावरची सेव-उसळ येते, आणि मग जगाचा निकाल लागतो. अणुवीज, भटकी कुत्री, निवडणूक, संगणक एक्स-रे वाचू लागला तर रेडिऑलॉजिस्टांनी काय करायचे, कशावरही मत तयार असते. दवाखान्यात ज्या माणसाने रक्ताच्या अहवालावाचून निदान केले नसते, तोच माणूस ओट्यावर पुराव्याची वाट क्षणभरही पाहत नाही.

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर आठवडाभर मगरींखेरीज दुसरा विषय नव्हता. विश्वामित्री ३७ फुटांच्या आसपास चढली, निम्मे शहर पाण्यात गेले आणि मगरी वस्तीत शिरल्या. २७ ते २९ ऑगस्ट या तीनच दिवसांत वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी दोन डझन मगरी पकडल्या. साप आणि मोठाली कासवे निराळीच. अकोट्यातील एका घराच्या छपरावर विसावलेल्या मगरीचे छायाचित्र देशभर फिरले. अमेरिकेतल्या भाच्याने ते मलाच पाठवले आणि विचारले, "मामा, तुमच्याकडे आली का?" आली नव्हती. आमच्या वाडीपासून नदी तशी दूर आहे.

इंजिनिअर काकांचे मत सरळ होते: सगळ्या मगरी धराव्यात आणि नर्मदेत सोडाव्यात. मला ते त्या दिवशी पटले होते, हे कबूल करतो. मग वाचू लागलो. ही गोड्या पाण्यातील मगर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीतली, म्हणजे वाघाच्या पंक्तीची. २०२५ च्या गणनेत विश्वामित्रीच्या पट्ट्यात चारशेहून अधिक मगरी मोजल्या गेल्या. दूर नेऊन सोडलेले जनावर मूळ जागेकडे परतण्याची धडपड करते, हे मगरींच्या अनेक जातींत दिसून आले आहे. आणि नर्मदेच्या घाटांवर माणसे स्नान करीत नाहीत की काय? आपल्या अंगणातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटण्यासारखेच ते. शिवाय मगर काठाच्या मातीत बिळे करते, उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच काठांवर अंडी घालते. म्हणजे काठ काँक्रीटने बांधायचा की मातीचा ठेवायचा, हा प्रश्न केवळ स्थापत्याचा राहत नाही. नदीकाठाच्या विकासाची जुनी योजना राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली होती आणि २०२१ च्या निकालाने नदी आधी नदी म्हणून सुधारा असा रोख दिला. पुरानंतर २०२५ मध्ये पावसाळ्यापूर्वी पात्रातील गाळ काढण्याचे आणि रुंदीकरणाचे मोठे काम हाती घेतले गेले. महानगरपालिकेच्या निवडणुकीत कोण कोणाला काय म्हणाले हे मला आठवत नाही. पण नदीचे पाणी जिथे पसरायचे त्या सखल जागांवर इमारती कोणाच्या सहीने उठल्या, हा खरा राजकीय प्रश्न आहे, आणि तो ओट्यावर कोणी काढत नाही. कारण त्यांतील दोन इमारतींत आमच्यापैकीच दोघांचे फ्लॅट आहेत.

बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "मगरी आपल्या घरात आल्या नाहीत, आपण त्यांच्या घरात गेलो." वाक्य झकास आहे. मात्र काठच्या झोपडीत राहणाऱ्या आईला त्याचा काही उपयोग नाही. मगरीने माणसांवर हल्ले केलेले आहेत, हे नाकारून प्राणिप्रेम सिद्ध होत नाही.

आता ज्या विषयावर मी ओट्यावर बराच काळ गप्प राहिलो, त्याकडे येतो.

१९९६ च्या सुमारास एक गवळी माझ्याकडे येत असे. दूध चोख, उधारी लांब. एकदा त्याची गाय बसली ती उठेना. "दाक्तरसाहेब, आईच्या गुडघ्याला दिले होते तेच इंजेक्शन द्या ना." डायक्लोफिनॅकची ३० मिलीची कुपी कपाटात होती. मी हसून दिली. गाय दोन दिवस उभी राहिली, मग मेली. त्याने माझे आभार मानले. शेवटचे दोन दिवस तिला दुखले नाही म्हणून. त्यानंतर त्याने आणखी किती कुप्या नेल्या ते मी मोजले नाही. मी त्याला उपकार समजत होतो, आणि आपल्याला जनावरांचेही कळते अशी थोडी ऐटही होती.

माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर पडले की गिधाडांचा घोळका उतरे आणि तासा-दोन तासांत हाडे उरत. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांच्या ते प्रथम नजरेस आले. ओट्यावर त्याही वेळी मते तयार होती: कीटकनाशके, मोबाईलचे मनोरे, कलियुग. मनोरे तेव्हा गावात आलेलेही नव्हते. पण मत बनायला तेवढी अडचण पुरत नाही. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांचा अभ्यास छापला. मूत्रपिंड निकामी, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर, आणि ऊतींमध्ये डायक्लोफिनॅक. औषध दिलेले जनावर लवकरच मेले की त्याचे मांस खाणारे गिधाड काही दिवसांत जाते. गणिताने असेही दाखवले की शंभर मढ्यांमागे एकाहूनही कमी मढ्यांत औषध असले तरी हा ऱ्हास घडायला पुरे, कारण एका मढ्यावर सारा घोळका जेवतो. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे भारतात पंधरा वर्षांत हजारांत एक उरली.

व्यवसायबंधूंनो, औषधाची मात्रा, उत्सर्जन, मूत्रपिंड हे आपलेच शब्द आहेत. रुग्णाने पुढे काय होईल विचारले तर आपण सांगतो. गाईच्या पलीकडे कोणी रुग्ण उभा आहे, हे मला सुचलेच नाही.

सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केले. परंतु माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीही ३ मिलीच्या एकाच मात्रेची कुपी सक्तीची झाली. ३० मिलीची कुपी ज्या वाटेने गोठ्यात पोचली, ती वाट माझ्यासारख्यांच्या कपाटातून जात होती. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये फ्रँक आणि सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: गिधाडे गेल्यामुळे सडणारी ढोरे, दूषित पाणी आणि वाढलेली कुत्री यांपायी २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. आकड्यावर वाद घालता येईल. दिशेवर मात्र माझ्याकडे वाद नाही. त्याच वर्षांत कुत्रे चावलेल्यांना मी किती लशी टोचल्या ते मला ठाऊक आहे.

गिधाडे नाहीत म्हणून मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी बांधवांना सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. पक्ष्याचे काम उन्हावर आले. ऊर्जेवर बोलताना इंजिनिअर काकांना हे सांगितले, तेव्हा ते प्रथमच बराच वेळ बोलले नाहीत.

ऊर्जेच्या बाबतीत मात्र ते आमचे गुरू. बडोद्याने एकेकाळी काय केले ते त्यांच्याकडूनच ऐकावे. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम अरुंद रुळांची रेल्वे सुरू केली आणि तिला जुंपले बैल! पुढल्या वर्षी इंजिने आली, पण हलक्या रुळांना त्यांचा भार पेलेना. वाफेची गाडी नियमित धावायला पुढे बरीच वर्षे गेली. मला हे हास्यास्पद वाटे. काका म्हणाले, "चारा होता, बैल होते, रूळ होते. तेवढ्यात जे चालले ते चालवले." पुढे सयाजीराव महाराजांनी १८९२ मध्ये आजव्याचे पाणी शहरात आणले, तेही पंपावाचून, नुसत्या उतारावर. आणि अलीकडे छाणीजवळ नर्मदेच्या शाखा कालव्यावर १० मेगावॅटचे सौर छप्पर उभे राहिले. जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून त्याच्या उद्घाटनाला आले होते. जमीन लागत नाही, पाण्यावर सावली पडते. सांगाडा तेवढा महाग पडतो.

आमच्या वाड्यावर सौर पट्ट्या बसवण्याचे प्रकरण मात्र तीन वर्षे अडले आहे. छपराचे हिस्सेदार पाच, त्यांपैकी एक मेलबर्नला, एक कोणाशीच बोलत नाही. सूर्य भरपूर आहे, सह्या नाहीत.

गेल्या महिन्यात त्या गवळ्याचा नातू मोटारसायकलवर दूध घेऊन दारात थांबला. म्हैस लंगडते आहे, म्हणाला, काही इंजेक्शन आहे का कपाटात? मी म्हटले, कपाटच काढून टाकले. पशुवैद्याकडे जा, आणि मेलॉक्सिकॅमच दे म्हणावे, दुसरे काही देऊ नकोस. मी नाव चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. त्याने चिठ्ठी खिशात घातली आणि गाडी चालू करता करता म्हणाला, "पण काका, आजोबा तर सांगायचे, तुम्ही द्यायचात ते औषध फार छान होते."