ट्रॉम्बेचे मूग, ट्रॉम्बेचे उडीद

चेंबूर, मानखुर्द मागे टाकून खाडीच्या दिशेने गेले की ट्रॉम्बे लागते. एकीकडे जुना कोळीवाडा, दुसरीकडे टेकडीच्या कुशीतील अणुसंशोधनाचा विस्तीर्ण परिसर. १९५४ साली येथे अणुऊर्जा संस्था उभी राहिली आणि १९६७ मध्ये तिला डॉ. होमी भाभा यांचे नाव देण्यात आले. अणुभट्ट्यांसाठी ख्यात असलेल्या या स्थानाचा आपल्या व्यवसायाशी काय संबंध, असे वैद्यमित्रांना वाटणे साहजिक आहे. हा संबंध रुग्णाच्या ताटातून येतो. आपण पथ्य म्हणून लिहून देतो ते मूग आणि ज्यांविषयी सावध करतो ते उडीद, या दोहोंच्या काही महत्त्वाच्या जाती ट्रॉम्बेच्या संशोधनातून निर्माण झाल्या आहेत.

‘टीएयू-१’ ही उडदाची जात १९८५ साली महाराष्ट्रासाठी प्रसृत झाली. ट्रॉम्बे, अकोला आणि उडीद या तीन शब्दांची आद्याक्षरे तिच्या नावात आहेत, कारण अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या कार्यात सहभागी होते. टपोऱ्या दाण्याची ही जात राज्यातील शेतकऱ्यांनी दीर्घकाळ आपलीशी केली. पुढे १९९०च्या दशकात याच सहकार्यातून भुरी रोगास दाद न देणाऱ्या ‘टीएआरएम’ मालिकेतील मुगाच्या जाती आल्या.

‘हे किरण सोडलेले धान्य, ते खावे का?’ असा प्रश्न रुग्ण विचारतात. येथे वैद्याने गोंधळून चालणार नाही. किरणांचा मारा होतो तो संशोधनाच्या आरंभी, मूळ बियाण्यावर. त्यातून उपजलेल्या रोपांतील इष्ट बदल हेरून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणि अन्य जातींशी संकर करून नवी जात सिद्ध होते. शेतातून बाजारात येणाऱ्या दाण्यात किरणोत्सर्गाचा लवलेश नसतो.

आता मूळ विषयाकडे वळू. आधुनिक पोषणतक्ता उघडला तर मूग आणि उडीद जवळजवळ जुळी भावंडे दिसतात. दोहोंच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे २२ ते २४ ग्रॅम. तक्त्यावर विसंबणारा आहारतज्ज्ञ एकाच्या जागी दुसरे सहज सुचवील. चरकाचार्य मात्र सूत्रस्थानाच्या २५व्या अध्यायात शमीधान्यांमध्ये मुगाला पथ्यतम ठरवतात आणि उडदाला थेट अपथ्यतम! पाचव्या अध्यायात तर मूग नित्य सेवनाच्या द्रव्यांत आहेत आणि उडीद नित्य सेवन करू नये अशांत. हा भेद प्रथिनांच्या आकड्यात सापडणार नाही. मूग लघु, रूक्ष, शीत, तर उडीद गुरु, स्निग्ध, उष्ण आणि मलवर्धक. उडदाच्या वाटलेल्या डाळीला जो चिकटपणा येतो तो त्यातील विशिष्ट बहुशर्करांमुळे. आतड्यात न पचता पुढे जाऊन वायू निर्माण करणाऱ्या रॅफिनोज कुळातील शर्कराही कडधान्यांत असतात. मुगातही त्या आहेत, आणि मूग श्रेष्ठ म्हणतानाच वाग्भटांनी ते किंचित वातकर असल्याचे नोंदवले आहे, ही सूक्ष्मता आम्हांस विशेष वाटते.

म्हणून उडीद त्याज्य ठरत नाहीत. बृंहण, बल्य, वृष्य आणि वातहर अशी त्यांची ख्याती आहे. पक्षाघात, अवबाहुक यांत माषयुक्त तेले आपण वापरतोच. हेमंतात दीप्ताग्नी असलेल्या श्रमिकाने उडदाचे लाडू खाल्ले, किंवा सातारा-कराडकडे भाकरीबरोबर उडदाचे घुटे ओरपले, तर आमची हरकत नाही. हरकत आहे ती बैठ्या माणसाने बाराही महिने सकाळी इडली, दुपारी पापड आणि सायंकाळी मेदुवडा खाण्याला. देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे एकत्र नांदणाऱ्या अणुशक्तीनगरसारख्या वसाहतींच्या शेजारी राहताना ही संमिश्र आहारपद्धती आम्ही रोज पाहतो. आंबवल्याने इडली हलकी होते व काही ब-जीवनसत्त्वे वाढतात हे खरे. परंतु अम्लपित्ताच्या रुग्णाला आंबवलेपणा मानवत नाही.

ओघात एक गोष्ट. चरकांच्या त्याच निषिद्ध यादीत उडदाच्या पंक्तीला दही आणि मासेही आहेत. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातील माणसाला ‘मासे रोज नकोत’ असे सांगून पाहावे! येथे ओकसात्म्याचा विचार करावा लागतो. पिढ्यांची सवय एका चिठ्ठीने मोडू नये. मासळी व दूध एका जेवणात नको, एवढे पाळले तरी पुष्कळ.

मोड आलेल्या मुगांविषयी मात्र आम्हांस स्वतःची चूक सांगणे प्राप्त आहे. व्यवसायाच्या प्रारंभी, काळाबरोबर राहण्याच्या उत्साहात, आम्हीही सरसकट कच्चे मोड खाण्यास सांगत असू. आध्मान, गुडगुड आणि मंद भूक घेऊन तेच रुग्ण परत येऊ लागले तेव्हा सुश्रुतसंहिता पुन्हा उघडली. विरूढ धान्य विदाही, गुरु, विष्टंभी व दृष्टीस अहितकर, असा तेथे स्पष्ट अभिप्राय आहे. मोड आणल्याने क-जीवनसत्त्व वाढते आणि वायुकारक शर्करा घटतात, हे प्रयोगशाळेचे म्हणणेही खोटे नाही. पण ओलसर उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या संसर्गाने पन्नासहून अधिक बळी घेतले. मोड निर्जंतुक करण्यासाठी गॅमा किरणांचे प्रयोग ट्रॉम्बेतही झाले आहेत. आमच्या घरी त्यावर जुनाच उपाय आहे: मोड वाफवावेत, हिंग, जिरे व आल्याची फोडणी द्यावी. मराठी घरातील उसळ हा शास्त्र आणि चव यांचा समेटच होय. मंदाग्नी रुग्णाला तीही नको. त्याला यूष द्यावा. भावप्रकाशानुसार शिंबीधान्य अठरापट पाण्यात शिजवून तो सिद्ध होतो. ज्वरात अकृत, पुढे भूक वाढेल तसा तूप, सैंधव, सुंठीने संस्कारित कृत यूष द्यावा.

औषधालयाच्या मालकांसाठी थोडे. कडधान्यांतील भुंगेरे नष्ट करण्यासाठी ०.२५ ते १ किलोग्रे, तर मसाल्यांच्या निर्जंतुकीकरणासाठी ६ ते १४ किलोग्रे मात्रेची किरणप्रक्रिया आपल्या नियमांत मान्य आहे. खाडीपलीकडे वाशीला २००० सालापासून असे केंद्र चालू आहे. अशा प्रक्रियेने धान्य किरणोत्सर्गी होत नाही. पाकिटावर तसा उल्लेख व हिरवे वर्तुळाकार चिन्ह असते, ते ग्राहकाला दाखवावे. मुगाचे पीठ उद्वर्तनासाठी ठेवणाऱ्यांनी सालीसकट मूग आणून आपल्या डोळ्यांदेखत दळून घ्यावेत. तयार पिठात मूग किती आणि हरभरा किती, हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही.