सर्किट उसनं, डबा आपला

इलेक्ट्रिक गिटारचा सूर फाडून टाकणारं ‘फझ’ पेडल उघडलं, तर आत मोजून अकरा सुटे भाग निघतात. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये काढलेल्या ‘फझ फेस’ची ही गणती : दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि फिरवायचे दोन पॉट. सर्किटचा नकाशा जगजाहीर आहे. नागपुरात धरमपेठेतून सीताबर्डीवर एक चक्कर मारली की यातलं बहुतेक सामान कागदाच्या पुडीत बांधून मिळतं, आणि सोल्डरिंगला हात बसलेला मुलगा एका संध्याकाळी ते जोडून मोकळा होतो. टेबलावर तारांचा गुंता पडलेला असतो, त्यातून आवाजही येत असतो. आता हे पायाखाली घ्यायचं कशात, हा प्रश्न उरतो. घरी पेडल बनवणाऱ्याची खरी मेहनत इथून सुरू होते.

जगभरचे हौशी कारागीर यासाठी एक ठरलेला डबा वापरतात : कॅनडातल्या ग्वेल्फ गावच्या हॅमंड कंपनीचा १५९०बी. ओतीव ॲल्युमिनियमचा, साधारण ११२ मिलिमीटर लांब, ६० रुंद, ३१ उंच, चार स्क्रूंचं झाकण. गंमत अशी की तो गिटारवाल्यांसाठी बनलेलाच नाही. प्रयोगशाळेतल्या, कारखान्यातल्या किरकोळ इलेक्ट्रॉनिक्ससाठी काढलेला तो सर्वसाधारण डबा. गिटारवाल्यांनी तो उचलला आणि त्याचं मापच पेडलचं माप होऊन बसलं. आपल्याकडे तो किंवा त्याची चिनी नक्कल मागवावी लागते, आणि अनेकदा आतल्या अकराही भागांच्या एकूण किमतीपेक्षा रिकामा डबाच महाग पडतो. मग माणूस घरातल्या माळ्याकडे आणि कबाडीच्या गाड्याकडे नजर टाकू लागतो.

यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. या वस्तूचा जन्मच बिघाडातून आणि जुगाडातून झालेला आहे. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या १९६१ मध्ये गाजलेल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांचा बास गिटारचा तुकडा चरचरीत, फाटलेला उमटला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावाने बाजारात आणलं. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने त्याला घरोघरी पोचवलं. फझ फेसचा गोल डबा तर माइकच्या स्टँडच्या बिडाच्या बैठकीवरून सुचलेला, असं सांगतात. हाताशी आहे त्यात सर्किट बसवायचं, ही त्या धंद्याचीच जुनी रीत.

पण डबा धातूचाच का? साबणाची प्लॅस्टिकची डबी का नको? गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्ट ते फार तर काही शे मिलिव्होल्ट इतका नाजूक असतो. फझ त्याला शेकडो पटींनी फुगवतं. त्या वाटेवर बाहेरचं जे काही शिरेल तेही तितकंच फुगतं, आणि आपल्या घरात बाहेरचं पुष्कळ असतं : पंख्याचा रेग्युलेटर, जुन्या ट्यूबचा चोक, इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर. नागपुरात मार्च ते जून त्यात कूलरची भर. भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या विजेची घूं सर्किटमध्ये घुसते आणि स्पीकरमधून गिटारच्या आधी तीच ऐकू येते. धातूचा डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडला की ही विद्युत क्षेत्रं बाहेरच्या बाहेर जिरतात. मायकल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये दाखवलेला पिंजरा तो हाच. एक मर्यादा मात्र सांगून ठेवतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र ॲल्युमिनियमच्या पातळ भिंतीला फारशी दाद देत नाही, आणि पिकअपच्या वेटोळ्यातून शिरलेली घूं पेडलच्या डब्याने जाणार नाही. ‘डबा बदलला तरी आवाज येतोच’ म्हणणाऱ्याने गिटार हातात धरून कूलरकडे पाठ करून पाहावी.

आता माळ्यावरचे उमेदवार. सगळ्यांच्या मनात पहिली येते ती कंपासपेटी. दांडेकरांच्या कॅम्लिनची ती पत्र्याची पेटी मराठी घरांतून सहसा फेकली जात नाही; कर्कटक हरवतं, गुण्या मोडतो, पेटी उरते. आकार पेडलला शोभेसा, पत्र्याला साधं सोल्डर धरतं, म्हणजे ग्राउंडची तार थेट पेटीला डकवता येते. झाकण बिजागरीचं, बॅटरी बदलायला स्क्रू काढायची गरज नाही. अडचण एकच, पण मोठी. पायस्विच दाबायला चांगलाच जोर लागतो, आणि तो जोर रंगात आलेल्या वादकाच्या बुटाचा असतो. कंपासपेटीचा पत्रा तेवढ्यात खाली वाकतो, स्विच तिरपा होतो, आणि आतल्या जोडण्या झाकणाला टेकून सगळंच बंद पडतं. झाकणाखाली लाकडाची पट्टी किंवा जाड ॲल्युमिनियमचा तुकडा आधाराला दिला तर निभतं. माझं मत विचाराल तर कंपासपेटीत पायाने दाबायचं काही बसवूच नये. टेबलावर ठेवायचा छोटा ॲम्प्लिफायर तिच्यात फार चांगला बसतो. परदेशात गोळ्यांच्या टिनच्या डबीत लोक तेच करतात.

हल्दीरामच्या रसगुल्ल्याचा डबा हा नागपूरकराचा आणखी एक मोह. फझ फेस गोल, हा डबाही गोल. पण हा उभा आहे, आणि उभ्या डब्यावर पाय ठेवणारा वादक आडवा होतो. स्टीलचा टिफिन दिसायला देखणा आणि मजबूत, पण ड्रिल नुसतं घासत राहिलं की जास्तच कडक होतो आणि साधं सोल्डरही धरत नाही. हिंडालियमचा जुना चौकोनी डबा हाती लागला तर सोडू नका. जाडी बरी असते आणि भोकं लोण्यासारखी पडतात.

इलेक्ट्रिशियनकडून मिळणारा, भिंतीत बसवायचा जीआय बॉक्स स्वस्त आणि कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा. मला तो लोकांचा अवाजवी लाडका वाटतो. त्याच्या कडेला पाइपसाठी अर्धवट कापलेल्या गोल चकत्या असतात, साधारण २० मिलिमीटरच्या, आणि आपल्याला भोक हवं असतं त्याच्या निम्मं, नेमकं त्याच जागी. वर तोंड उघडं, म्हणजे झाकण वेगळं कापून आणा. स्वस्तात घेतलेल्या डब्यावर दोन रविवार जातात. कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा, म्हणजे एसएमपीएसचा, पत्रा दणकट असतो, पण आकार मोठा, दोन बाजूंना जाळ्या, आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साचून राहू शकते. ज्याला ती उतरवता येत नाही त्याने तो उघडू नये. बिघडलेल्या हार्ड डिस्कची ओतीव ॲल्युमिनियमची बैठक मोहात पाडते खरी, पण तिची सगळी उंचीच २६ मिलिमीटर आणि पायस्विच आपल्या पायांसकट त्याहून उंच.

या सगळ्यांत मला खरा मानकरी वाटतो तो केबलवाल्याचा लाइन ॲम्प्लिफायर. नव्वदीच्या दशकात गल्लीगल्लीत खांबांवर, गच्च्यांवर, जिन्यांत हे राखाडी डबे चढले. नागपूर २०१३ मध्ये सक्तीच्या डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यात गेलं, पुढे फायबर आलं, आणि जुने डबे उतरू लागले. पावसापाण्यात टिकावेत म्हणून ते ओतीव ॲल्युमिनियमचे केलेले असतात, आणि केबलचा सिग्नल बाहेर गळू नये, बाहेरचा आत येऊ नये म्हणून झाकण घट्ट बसणारं. म्हणजे आपल्याला जे हवं तेच, दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या कामासाठी आधीच करून ठेवलेलं. आतली पाटी काढा, केबलची जुनी भोकं वायसर लावून बुजवा किंवा थोडी मोठी करून तिथेच सॉकेट बसवा. कबाडी तो वजनावर देतो. भाव करताना पेडलचं नाव काढू नका.

भोकं पाडण्याचं काम जरा जवळून पाहू. पायस्विचला १२ मिलिमीटर, गिटारच्या केबलच्या सॉकेटला – दुकानात ‘पी-३८’ म्हणून मागायचं – दहाच्या जवळपास, पॉटला सात ते आठ, एलईडीला पाच. कागदावर नकाशा काढून तो डब्यावर चिकटवायचा, प्रत्येक मध्यावर सेंटर पंच ठोकायचा आणि आधी तीन मिलिमीटरचं बारीक भोक पाडायचं. पंच न मारता ड्रिल लावलं की बिट घसरतं. ओतीव डब्यावर तर जास्तच, कारण त्याच्या भिंती पूर्ण सरळ नसतात. साच्यातून सुटून यावा म्हणून त्यांना किंचित उतार दिलेला असतो. ॲल्युमिनियमचा चुरा बिटला चिकटतो आणि भोक ओबडधोबड होतं, तिथे रॉकेलचा एक थेंब काम करतो. मोठ्या भोकाला पायऱ्यापायऱ्यांचं स्टेप ड्रिल वापरलं की कड गोल आणि स्वच्छ येते. साधं १२ चं बिट पातळ पत्र्यात अडकून डबाच गरगर फिरवतं, म्हणून डबा हातात धरून ड्रिल मारायचं नाही, लाकडावर क्लॅम्प करायचा. शेवटी आतून कानस.

आणि रंग. हिंगणा एमआयडीसीत पावडर कोटिंग करून देणारे आहेत. भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजलेला तो थर बुटालाही दाद देत नाही. पण पावडर कोटिंग वीज वाहू देत नाही. सॉकेटच्या नटाखालचा रंग आतून खरवडला नाही तर डबा ग्राउंडला जोडलाच जात नाही, आणि इतक्या खटपटीनंतर घूं जिथल्या तिथे. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून तारेला रिंगवाली टॅग लावून ती नटाखाली दाबायची. सॉकेट प्लॅस्टिकच्या मानेचं असेल तर हे करावंच लागतं.

नागपूरची म्हणून एक खास अडचण आहे. जुन्या रेडिओतून काढलेले एसी १२८ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर फझमध्ये मऊ, गोल आवाज देतात म्हणून हौशी मंडळी त्यांच्या मागे असतात. पण जर्मेनियममधून नको तिथे झिरपणारा करंट तापमान दहा अंशांनी चढलं की ढोबळ मानाने दुप्पट होतो. लंडनच्या थंडीत जुळवलेलं सर्किट मे महिन्यात आपल्या गच्चीवर पंचेचाळीस अंशांत, उन्हात तापलेल्या धातूच्या डब्यात घुसमटतं. नोट मध्येच तुटते. फझ फेसच्या मालकांनीही पुढे सिलिकॉनचा बीसी १०८ वापरला. आपण सरळ बीसी ५४७ घ्यावा. मात्र सर्किटही सिलिकॉनवालं घ्यावं, कारण दोन्हींत बॅटरीची दिशा उलटसुलट असते. जर्मेनियम हवाच असेल तर तो डबा हिवाळ्यासाठी राखून ठेवा.

खटकतं ते वेगळंच. वाडीला अमरावती रोडवर १९८९ पासून जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत हलक्या मिश्रधातूंचं काम चालतं. हिंगण्याला, बुटीबोरीला पत्रा कापणारे, वाकवणारे, रंगवणारे हात आहेत. आणि धरमपेठेतला मुलगा तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा डबा परदेशातून मागवतो. ओतीव डब्याचा साचा महाग असतो, हे मान्य. पण दोन पत्रे ‘यू’सारखे वाकवून एकमेकांत बसवले आणि चार स्क्रू लावले की तितकाच कामाचा डबा होतो, न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची सुरुवातीची पेडलं अशाच वाकवलेल्या पत्र्याची होती. १.६ मिलिमीटरचा पत्रा पुरे. अडतं ते एवढ्यावरच की एक डबा कुणी वाकवून देत नाही, पन्नास मागावे लागतात.

तेव्हा शंकरनगर, रामनगर, गोकुळपेठ, धरमपेठ इथल्या गिटारवाल्यांनी आणि कॉलेजांतल्या बँडनी मिळून पन्नास डब्यांची एक ऑर्डर हिंगण्याला द्यावी. माप १२० बाय ६५ बाय ४० ठेवा, नऊ व्होल्टची बॅटरी आणि पायस्विच दोन्ही त्यात मावतात. भोकं मात्र कारखान्यातून पाडून घेऊ नका. प्रत्येकाचं सर्किट वेगळं असतं.