थंड इंजिनाचे दुखणे

हैदराबादच्या उन्हाळ्यात गाडी चालविणाऱ्याला इंजिन तापण्याची भीती समजावून सांगावी लागत नाही. मे महिन्याच्या दुपारी नामपल्ली स्टेशनपासून मोअज्जमजाही मार्केटपर्यंतच्या गर्दीत सापडलेल्या चालकाचा एक डोळा रस्त्यावर असतो आणि दुसरा तापमानाच्या काट्यावर. काटा खाली असला म्हणजे सारे ठीक, अशी आपली समजूत. परंतु काटा सदासर्वकाळ खालीच राहत असेल तर? तेही एक दुखणेच आहे. तापलेले इंजिन वाफ सोडून ओरडते. थंड इंजिन मात्र मुकाट्याने मालकाचा खिसा रिकामा करते.

इंजिनाला ऊब कशासाठी?

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच गाडी हाकण्याच्या कामी येतो. बाकीची धुराबरोबर आणि रेडिएटरच्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. यावरून वाटेल की, इंजिन जितके गार तितके बरे. वस्तुतः बहुतेक इंजिने सुमारे ८५ ते १०० अंश सेल्सिअसला चालावीत अशा हिशेबाने बनविलेली असतात. त्याहून बरीच गार राहिली तर पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि इंधन जास्त द्यावे लागते. नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो. इंजिन गार आहे अशी वर्दी मिळत राहिली की तो इंधन वाढवीत राहतो. न जळालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि खाली उतरून ऑइल पातळ करते.

दुसरा शत्रू पाणी. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. गरम इंजिनातून ते वाफ होऊन निघून जाते. गार इंजिनात त्याचा काही अंश ऑइलमध्ये उतरतो, तेथे आम्ले तयार होतात आणि धातू झिजतो. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधासारखी पिवळसर साय दिसते ती याचीच खूण. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी ‘घसारा’ वहीत मांडतात. येथे तो अक्षरशः सिलिंडरमध्ये घडत असतो.

थर्मोस्टॅट नावाचा द्वारपाल

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. तिच्या पोटात मेण भरलेले असते. इंजिन गार असताना झडप बंद राहते व पाणी इंजिनातच फिरते. पाणी ठरावीक तापमानाला, बहुधा ८२ ते ८८ अंशांना, पोहोचले की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. पाणी निवले की स्प्रिंग तिला पुन्हा बंद करते. ही झडप उघडीच अडकली तर पाणी अखंड रेडिएटरमधून फिरते आणि इंजिनाला ऊब धरता येत नाही.

पण आपल्याकडे पुष्कळदा ती अडकलेली नसते. ती मुळी जागेवरच नसते! गाडी तापते अशी तक्रार आली की, ‘वॉल्व निकाल दिया साब, अब फिकर नक्को’ असे सांगणारे मिस्त्री कमी नाहीत. दोष असतो गाळ साचलेल्या रेडिएटरचा, गळक्या पाइपचा किंवा बंद पडलेल्या पंख्याचा. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यातलाच हा प्रकार. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यास गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जाते आणि गाडी उलट अधिक तापते.

निदान कसे करावे?

१. रोजची फेरी दोन-तीन किलोमीटरचीच असेल तर निरोगी इंजिनही पुरते तापत नाही. म्हणून निदान वीस मिनिटे गाडी चालवून मग काटा पाहावा. गर्दीत काटा वर चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा खाली येतो, असे असल्यास थर्मोस्टॅटचा संशय घ्यावा.

२. काटाच खोटे बोलत नाही ना, हे पाहावे. सेन्सर किंवा त्याची तार बिघडली तरी काटा खालीच राहतो.

३. सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपला हात लावावा. पंखा व पट्टा यांपासून हात दूर ठेवावा. पाइप काही वेळ गार राहून मग एकाएकी गरम झाला तर झडप ठीक आहे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर ती उघडी आहे किंवा काढलेली आहे. काही गाड्यांत झडप खालच्या पाइपकडे असते. तेथे तो पाइप तपासावा.

४. पंखा सतत फिरतो का ते पाहावे. कित्येकदा तो थेट बॅटरीला जोडून दिलेला असतो.

५. इंजिन पूर्ण निवल्यावर झडप काढून, दोऱ्याने बांधून पातेल्यातील पाण्यात तळाला न टेकेल अशी सोडावी व पाणी तापवावे. झडपेवर कोरलेल्या अंशाजवळ ती उघडली पाहिजे. गार पाण्यातही उघडी दिसली तर ती बदलावी.

गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये; आत दाबाखाली असलेले पाणी उसळून अंग भाजते.

हिशेबाची बाजू

समजा, एखाद्याची गाडी महिन्याला ६० लिटर पेट्रोल घेते आणि थंड इंजिनामुळे त्यातले पाच टक्के वाया जाते. म्हणजे महिन्याला ३ आणि वर्षाला ३६ लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी ३,६०० रुपये झाले. बहुतेक साध्या गाड्यांचा थर्मोस्टॅट याहून पुष्कळ स्वस्तात मिळतो. इंजिनाची झीज तर या हिशेबात धरलेलीच नाही.

निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी सुरू केलेल्या सेवेतून आपली आर.टी.सी. वाढली. तिच्या डेपोंत लिटरमागे किती किलोमीटर मिळाले या आकड्यावर नजर ठेवली जाते. तीच सवय आपणही लावून घ्यावी. टाकी भरताना किलोमीटर आणि लिटर यांची नोंद एका वहीत केली, तर काट्याकडे न पाहताही दुखणे आधी कळते. वही ठेवण्याची विद्या तर आपल्याला शिकविलीच जाते. ती परीक्षेपुरती का ठेवावी?