चित्रातील रचना आणि वाक्यविचार

चित्रकलेच्या चर्चेत 'रचना' ही संज्ञा इतकी रुळली आहे की, पाश्चात्त्य परंपरेत तिचा मूळ शब्द चित्रकारांनी वैयाकरणांकडून उसना घेतला होता, याचा सहसा विसर पडतो. लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने 1435 मध्ये चित्रकलेवर जो लॅटिन ग्रंथ लिहिला, त्यात रचनेची एक चढती श्रेणी सांगितली आहे. पृष्ठांपासून अवयव, अवयवांपासून आकृती आणि आकृतींपासून कथाचित्र सिद्ध होते. लॅटिन व्याकरण-अलंकारशास्त्रात शब्दांपासून पदबंध, पदबंधांपासून उपवाक्य आणि उपवाक्यांपासून पूर्ण वाक्य अशी जी श्रेणी शिकविली जाई, तिचीच ही प्रतिकृती होय, हे मायकेल बॅक्सांडाल यांनी 1971 मध्ये दाखवून दिले. तेव्हा भाषेच्या अभ्यासकाने चित्ररचनेविषयी चार शब्द लिहिणे हे अगदीच परक्या शेतात शिरणे ठरू नये.

रचनेची तत्त्वे म्हणून समतोल, केंद्र, त्रिकोण, लय इत्यादींची यादी दिली जाते. यादी चुकीची नाही. पण तिचा उपयोग अनेकदा उलट्या बाजूने होतो. विद्यार्थी चित्राच्या प्रतीवर पट्टी ठेवून पेन्सिलीने कर्ण काढतात आणि त्रिकोण सापडला की रचना उत्तम असल्याचा निर्वाळा देतात. पुरेशा रेषा ओढल्या तर त्रिकोण कोणत्या चित्रात सापडणार नाही? आपल्या शास्त्रकारांचा प्रश्न अधिक मूलगामी होता. 'गाय, घोडा, पुरुष, हत्ती' हा शब्दसमूह वाक्य का नव्हे? त्याचे उत्तर त्यांनी आकांक्षा, योग्यता व संनिधी या तीन अटींनी दिले. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा हवी, त्यांचा अर्थ परस्परांशी जुळावयास हवा, आणि ती जवळजवळ उच्चारली जावयास हवीत. हाच प्रश्न चित्राला विचारून पाहावा.

येशूचे शिष्यांसह शेवटचे भोजन हा विषय त्यासाठी सोयीचा आहे, कारण त्यात 'शब्द' ठरलेले आहेत: एक मेज, येशू आणि बारा शिष्य. फ्लॉरेन्स येथील सांत आपोलोनिया मठाच्या भोजनगृहात आंद्रेआ देल कास्तान्यो याने 1447 मध्ये हा प्रसंग रंगविला. त्याने परंपरेनुसार विश्वासघातकी यहूदाला मेजाच्या अलीकडे, एकट्याला बसविले; बाकी सर्व पलीकडे, मस्तकामागे प्रभामंडळे असलेले. दोषी कोण, हे पाहणाऱ्याला आधीच कळते. लिओनार्दोने मिलानमधील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए येथील भित्तिचित्रात (सुमारे 1495–98) यहूदाला इतरांच्याच ओळीत आणले आणि प्रभामंडळे काढून टाकली. तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल, असे येशूने सांगितल्यानंतरचा हा क्षण आहे. शिष्यांचे तिघातिघांचे चार गट झाले आहेत. संनिधी ती हीच. प्रत्येक गटातील हात आणि नजरा दुसऱ्या कोणाकडे तरी वळलेल्या आहेत, एकही आकृती स्वतःपुरती पुरी होत नाही, ही आकांक्षा. योग्यतेचा विचार करता कास्तान्योची मांडणी अडखळते, कारण पाप लपवू पाहणारा मनुष्य असा वेगळा कशाला बसेल? अर्थात मठवासिनींना जेवताना सदैव दिसणाऱ्या चित्रात स्पष्टता हवी होती, हेही विसरू नये. परंतु लिओनार्दोसमोर प्रेक्षकालाही शिष्यांप्रमाणेच दोषी शोधावा लागतो. पेत्र आणि योहान यांच्या गटात, छायेत मागे रेललेला, मुठीत थैली आवळलेला यहूदा उशिराने दिसतो. शब्द तेच, अन्वय बदलला, आणि वाक्याचा अर्थच पालटला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. मराठीत 'रामाने रावणाला मारले' या वाक्यातील पदे कशीही फिरविली तरी कर्ता व कर्म ओळखू येतात, कारण विभक्तिप्रत्यय पदांबरोबरच फिरतात. चित्राला प्रत्यय नाहीत. प्रभामंडळ हा थोडाफार प्रत्ययासारखा होता खरा. आकृती कोठेही असो, तो तिचा दर्जा सांगे. तो टाकल्यावर स्थान, दिशा आणि प्रकाश यांनाच विभक्तीचे कार्य करावे लागते. म्हणून लिओनार्दोच्या चित्रात छताच्या व भिंतींच्या सर्व रेषा येशूच्या उजव्या कानशिलापाशी मिळतात, मागील खिडकीचा उजेड त्याच्या मस्तकाभोवती पडतो, आणि योहान पेत्राकडे कलल्यामुळे येशूच्या शेजारी मोकळी जागा पडते. पसरलेल्या हातांनी झालेला येशूचा प्रसिद्ध त्रिकोण या सर्वांमुळे बोलका होतो. पट्टीने मोजला म्हणून नव्हे.

हे साम्य फार ताणू नये. वाक्य क्रमाने ऐकावे लागते. चित्र एकदम समोर येते आणि मग डोळा त्यात आपल्या वाटेने फिरतो. तथापि एका बाबतीत ते अनपेक्षितपणे टिकते. 1652 मध्ये मठवासीयांनी या भिंतीत दरवाजा पाडला आणि मेजाखालील येशूची पावले कायमची गेली. जुन्या नकलांत ती पाहावयास मिळतात. पण मूळ चित्रासमोर उभ्या राहिलेल्या बहुतेकांना त्यांची उणीव जाणवत नाही. वाक्यात न उच्चारलेले पद उरलेल्या पदांच्या आकांक्षेने मनात आणले जाते. त्याला आपल्याकडे अध्याहार म्हणतात.